किल्ली देण्याआधी

एसएसएलसीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन विषय निघतात. पहिला, सायन्स घ्यायचं की कॉमर्स. दुसरा, गाडी. कॉलेज लांब, क्लास त्याहून लांब, बसची वेळ जुळत नाही, सायकल आता कुणी चालवत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "घरात स्कूटर पडूनच आहे की, जाऊ दे त्याला." एवढ्या एका वाक्यावर किल्ली सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात जाते.

माझ्या माहेरी यंदा हाच विषय निघाला. भाचा साडेसोळा वर्षांचा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. "मावशी, मला येते की गं चालवायला. फक्त क्लासपर्यंत जाऊन येतो," असा त्याचा घोषा. त्याच सुमारास माझ्या वहिनींनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकायची ठरवली. वहिनींचं माहेर धारवाडचं. दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी, भावाची दुकानाची वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ. दवाखाना असो, बँक असो, प्रत्येक वेळी रिक्षाची वाट बघायची. "नंग बरंगिल्ल री, पण शिकीन," असं त्यांनी अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत जाहीर केलं.

एकाला येत होतं पण वय नव्हतं, दुसरीचं वय होतं पण येत नव्हतं. दोघांच्या निमित्ताने मी कायदा आणि नियम नीट वाचून काढले. त्यातलं जे घरात उपयोगी पडलं, ते इथे मांडते आहे.

सोळा, अठरा आणि वीस

आपल्याकडे लागू आहे तो मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे कायदा हाच. वयाचं गणित त्याच्या कलम ४ मध्ये आहे. सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. ट्रक, बस, टॅक्सी अशी भाड्याची वाहनं चालवायला २० वर्षं. आणि सोळा पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी.

या शेवटच्या ओळीवर घराघरांत घोटाळा होतो. "सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण ते टीव्हीएस फिफ्टीसारख्या मोपेडच्या काळातलं आहे. आज शोरूममध्ये ज्या पेट्रोल स्कूटर उभ्या असतात, त्या साधारण १०० ते १२५ सीसीच्या असतात. नाव स्कूटर, गिअर नाहीत, मुली सहज चालवतात, म्हणून ती सोळाव्या वर्षाची गाडी होत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने मिळालेल्या परवान्यावर घरातली ११० सीसीची स्कूटर चालवली, तर ती विनापरवानाच ठरते.

मग बॅटरीची? त्यातही दोन प्रकार आहेत. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, असं मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दिलेलं वाहन कायद्याच्या लेखी मोटार वाहनच धरलं जात नाही. त्याला परवाना आणि नोंदणी लागत नाही. पण त्याहून ताकदवान किंवा वेगवान इलेक्ट्रिक स्कूटरला नंबर प्लेट, परवाना, विमा सगळं लागतं. दुकानदार "हिला काही लागत नाही" म्हणाला, तर तपासणीचा कागद मागा. आणि घेतल्यावर कुणी वेग वाढवून देतो म्हटलं, तर ती सूट तिथेच संपली असं समजा.

दंड मुलाला नाही, तुम्हाला

भाच्याचा हट्ट मोडला तो वयाच्या कलमाने नाही. "पकडलं तर शंभर-दोनशे देऊ," ही समजूत त्याच्या डोक्यात होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या वडिलांच्याही. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यातल्या बऱ्याच दुरुस्त्या लागू झाल्या, त्यांत कलम १९९-अ नव्याने आलं. अठराच्या आतल्या मुलाने वाहनाचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ना शिकाऊ परवाना, ना पक्का.

"मला माहीत नव्हतं, त्याने न विचारता नेली," असं म्हणायची मुभा पालकांना आहे. पण ते सिद्ध करायची जबाबदारीही त्यांचीच. किल्ली रोज त्याच्याच खिशात असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक असताना ते कसं सिद्ध करणार? मुलाकडे योग्य परवाना असेल आणि तो त्याच परवान्यातली गाडी चालवत असेल, तर हे कलम लागत नाही, हेही सांगायला हवं.

भाच्याला कैदेची भीती वाटली नाही. पंचवीस हा आकडा मात्र लागला. इंजिनिअरिंग संपलं, नोकरी लागली, तरी गाडी चालवता येणार नाही, हे त्याने बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे क्लासच्या दोन किलोमीटरसाठी सात-आठ वर्षं?" आम्ही कुणी काही बोललो नाही. हिशोब त्याचा त्यानेच केला होता. माळ्यावरची सायकल दुरुस्त करून घ्यायचा खर्च सातशे रुपये आला.

परवाना नसलेल्या मोठ्या माणसालाही गाडी देता येत नाही. विनापरवाना चालवणाऱ्याला कायद्यात ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा. जागेवर भरायच्या तडजोडीच्या रकमा राज्य सरकारे ठरवतात. कर्नाटकाने त्यांतल्या काही सप्टेंबर २०१९ मध्येच कमी केल्या. रक्कम कमी झाली म्हणून गुन्हा लहान होत नाही.

वहिनींचा एलएलआर

शिकाऊ परवान्याला आपल्याकडे सर्रास एलएलआर म्हणतात. कन्नडमध्ये कलिका परवानगी, महाराष्ट्रातल्या सरकारी मराठीत शिकाऊ अनुज्ञप्ती. वस्तू एकच.

अर्ज 'सारथी' या सरकारी पोर्टलवर भरायचा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. प्रकृतीबद्दल स्वतःचं घोषणापत्र असतं. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र डॉक्टरांच्या सहीचा वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून वहिनींना आधी दवाखान्यात जावं लागलं. तिथे कळलं की त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. निदान त्या निमित्ताने तरी डोळे तपासले गेले! फी फार नाही. केंद्रीय नियमांत शिकाऊ परवान्याला प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये आणि परीक्षेला ५० रुपये आहेत. पुढे पक्क्या परवान्याच्या चाचणीला ३०० आणि परवान्याला २०० रुपये. राज्याचे किरकोळ आकार वेगळे. याच्या कितीतरी पट रक्कम कुणी सांगितली, तर ती कशाची, ते विचारायचं धाडस करा.

गाडीचा प्रकार अर्जात नीट निवडा. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि मोटार हे वेगवेगळे प्रकार आहेत. बिनगिअरच्या परवान्यावर नवऱ्याची मोटारसायकल चालवता येत नाही.

त्यानंतर संगणकावरची परीक्षा. रहदारीची चिन्हं आणि नियम, अपघात झाला तर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी, गाडीत बाळगायची कागदपत्रं, यांवर प्रश्न असतात. उत्तीर्ण व्हायला केंद्रीय नियमांप्रमाणे साठ टक्के उत्तरं बरोबर हवीत. आधारच्या पडताळणीने अर्ज करणाऱ्यांना ही सेवा घरबसल्या मिळण्याची वाट केंद्राने २०२१ मध्ये मोकळी केली. घरी परीक्षा म्हणजे मुलाने शेजारी बसून उत्तरं सांगायची, असा अर्थ कृपा करून काढू नका. उद्या टिळकवाडीच्या फाटकाशी गाडी थांबवायची की दामटायची, हे सांगायला तो मागे बसलेला नसेल.

वहिनींनी आठ दिवस संध्याकाळी चिन्हांचा तक्ता पाठ केला. आम्ही त्यांना एकच युक्ती सांगितली, आकार बघा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध करणारा, पुढे वळण, शाळा, अरुंद पूल. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई. निळं वर्तुळ म्हणजे असंच करा. चौकोनी पाटी म्हणजे माहिती. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा, आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. चिन्हांना भाषा नसते, म्हणून ती दोन्ही भाषांच्या माणसांना सारखीच सोपी.

लाल एल आणि मागची सीट

एलएलआर हातात आला की बहुतेकांना गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तो परवाना शिकण्याचा आहे, एकट्याने फिरण्याचा नाही. नियम ३ मध्ये तीन अटी आहेत.

पहिली, परवाना चालू मुदतीचा आणि त्याच प्रकारच्या वाहनाचा हवा. दुसरी, त्या वाहनाचा पक्का परवाना असलेला शिकवणारा बरोबर हवा, आणि तोही अशा जागी बसलेला की गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल. तिसरी, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात 'एल'. पाटी कमीत कमी १८ सेंटिमीटर चौरस. अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात लाल टिकलीएवढा एल चिकटवून भागत नाही.

दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचं नाही. कॉलेजच्या वाटेवर एलएलआरवाली मैत्रीण पुढे आणि दुसरी मागे, हे चित्र रोज दिसतं. दोघींनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. वहिनींच्या मागे भाऊ बसायचा. रविवारी सकाळी सहाला, रिकाम्या मैदानात, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर. तो कन्नडमध्ये ओरडायचा, त्या मराठीत उत्तर द्यायच्या. "एडक्क, एडक्क!" म्हटलं की डावीकडे, "बलक्क" म्हटलं की उजवीकडे. एकदा शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "बायकोला येडं का म्हणतोयस रे सकाळी सकाळी?" पण एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच निघाला, सावकाश. आपल्या उत्तर कर्नाटकी कन्नडमध्येही तो तसाच चालतो.

तीस दिवस आणि सहा महिने

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्याच्या तारखेपासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. म्हणजे शिकायला एक महिना सक्तीचा आणि पाच महिने सवडीचे. आपल्याकडे उलटं होतं. पाच महिने एलएलआर कपाटात आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ.

चाचणीत नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावं लागतं. वहिनी पहिल्यांदा आठच्या आकड्यात पाय टेकून नापास झाल्या. घरी आल्या, चहा केला, म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात परत जायचं." दुसऱ्यांदा पास झाल्या.

पक्क्या परवान्याची मुदत वयावर ठरते. तीस वर्षांच्या आत मिळाला तर वयाच्या चाळिशीपर्यंत. तीस ते पन्नासच्या दरम्यान दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान साठीपर्यंत. त्यानंतर पाच पाच वर्षं. नूतनीकरण मुदत संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतं. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी. आज घरातल्या सगळ्यांच्या परवान्यांच्या तारखा एकदा बघून घ्या, विशेषतः आजोबांच्या.

कोगनोळीच्या अलीकडे, पलीकडे

आता खास आपला प्रश्न. बेळगावचा परवाना कोल्हापुरात चालतो का? चालतो. कलम १३ प्रमाणे शिकाऊ असो की पक्का, परवाना भारतभर चालतो. केए-२२ ची गाडी आणि कर्नाटकाचा परवाना घेऊन चंदगडला गेलात, चोर्ला घाटाने गोव्यात उतरलात, तरी वेगळा कागद लागत नाही. शिकाऊ परवान्याच्या तीन अटी मात्र घाटातही बरोबर येतात.

एका माणसाला एकाच वेळी दोन पक्के परवाने ठेवता येत नाहीत. इकडचा एक असू दे, तिकडचा एक असू दे, ही सीमाभागातली जुनी हौस कायद्यात बसत नाही. मुलगी लग्न होऊन निपाणीहून गडहिंग्लजला गेली, तर तिला पुन्हा शिकायची किंवा नवा परवाना काढायची गरज नाही. आहे त्याच परवान्यावर पत्ता बदलून मिळतो. शिकाऊ परवान्याचा अर्ज, तुम्ही ज्या राज्यात राहता किंवा व्यवसाय करता, किंवा ज्या राज्यात तुमची ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथल्या कुठल्याही परवाना कार्यालयात करता येतो. चंदगडचा मुलगा बेळगावात ड्रायव्हिंग स्कूलला जात असेल तर त्याला हे उपयोगी आहे.

छोटा टेम्पो असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं. मोठ्या वाहनांना मात्र वेगळा परवाना लागतोच. त्यासाठी आठवी पासची जी अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शाळा सुटलेल्या पण हातात कसब असलेल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं.

कागद खिशात नसले तरी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधला परवाना चालतो. नुसता मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो त्यात येत नाही.

विमा आणि माणूस

शिकाऊ परवान्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते, असं अनेकांना वाटतं. २००४ मध्ये स्वरण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, शिकाऊ परवाना हाही विम्याच्या दृष्टीने परवानाच आहे. मात्र मुळात परवानाच नसलेल्या हातात मालकाने जाणूनबुजून गाडी दिली, तर जखमीला दिलेली भरपाई कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम काही हजारांत नसते. शेत किंवा घर विकावं लागेल एवढी ती असू शकते.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ माणसं हेल्मेट न घातलेली दुचाकीस्वार किंवा मागे बसलेली होती. आपल्या भागात उसाच्या हंगामात संध्याकाळी निघा. मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर अचानक उभी राहते, तेव्हा "मला येते की चालवायला" या वाक्याचा काही उपयोग नसतो. तिथे उपयोग होतो वेग कमी ठेवण्याच्या सवयीचा, आणि ती सवय शिकण्याच्या महिन्यातच लागते. अपघात झालाच तर जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत कळवायचं, हे चालकाचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ घातलं गेलं आहे. थांबा, मदत करा, घाबरू नका.

घरात ठरवण्यासारखं

आमच्या घरी चार गोष्टी ठरल्या. अठरा पूर्ण झाल्याशिवाय किल्ली नाही, पाहुणा भाचा असला तरी. अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात एलएलआरचा अर्ज, कुणी मागायची वाट न बघता. शिकवणारा घरातलाच असेल तर त्याचा परवाना आधी तपासायचा. आणि हेल्मेट दोन, एक पुढच्याला, एक मागच्याला.

वाचकहो, तुमच्या घरी यातलं काय चालतं, काय चालत नाही, ते तुम्ही ठरवाल. एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच करता येईल. रस्त्यात पुढच्या गाडीवर लाल एल दिसला, गाडी अडखळली, सिग्नलला बंद पडली, तर मागून हॉर्न वाजवू नका. दहा सेकंद थांबा. ती कुणाची तरी वहिनी, आई किंवा लेक असते, आणि त्या दहा सेकंदांत ती गाडी पुन्हा सुरू करायला शिकत असते.